हिमयुगाचे गणित : पुरावा आणि प्रतिमान यांचे परस्परपरीक्षण

ज्या काळाची नोंद कोणी लिहून ठेवली नाही, ज्याचे तापमान कोणत्याही उपकरणाने मोजले नाही, त्या काळाच्या जलवायुमानाविषयी आज आकड्यांच्या भाषेत विधाने केली जातात. शेवटच्या हिमयुगाच्या परमोच्च काळी, म्हणजे सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने ५ ते ७ अंश सेल्सिअसने कमी होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय जलवायुमंडळाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. अशा विधानामागे दोन प्रकारची साधने उभी असतात. समुद्रतळाचा गाळ, ध्रुवप्रदेशातील बर्फ, सरोवरांत साचलेले परागकण यांसारखे अवशेष हे पहिले साधन होय. भौतिकीच्या नियमांवरून संगणकावर रचलेले प्रतिमान हे दुसरे. या दोहोंपैकी कोणी कोणाची परीक्षा करावयाची, आणि दोहोंत विरोध उत्पन्न झाला असता कोणाचे म्हणणे ग्राह्य मानावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरकरणी केवळ पद्धतीचा वाटतो. परंतु पुढील शतकातील तापमानवाढीचा अंदाज काही अंशी त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

१. प्रतिमानाचे स्वरूप

मराठीत ‘हवामान’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या कल्पना व्यक्त होतात : आज-उद्याची हवेची स्थिती आणि एखाद्या प्रदेशाचे दीर्घकालीन सरासरी मान. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ज्या शास्त्राला दोन आठवड्यांपलीकडचा पाऊस सांगता येत नाही, त्याने वीस हजार वर्षांपूर्वीच्या पावसाची गोष्ट कशाच्या बळावर करावी? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. आरंभस्थितीतील अत्यल्प फरकाने वातावरणाची पुढील वाटचाल पार बदलते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. येत्या जूनमध्ये मुंबईत नेमक्या कोणत्या दिवशी पाऊस पडेल हे मे महिन्याच्या आरंभी कोणी सांगू शकत नाही. परंतु जून हा मेपेक्षा अधिक पावसाचा असेल, हे कोणीही सांगेल. पहिले विधान आरंभस्थितीवर अवलंबून असते, दुसरे सूर्याच्या स्थानावर आणि भूमी व सागर यांच्या रचनेवर. दीर्घकालीन सरासरी मानाला येथे ‘जलवायुमान’ म्हटले आहे, आणि प्रतिमानाचा दावा तेवढ्यापुरताच आहे.

प्रतिमानात वातावरण व सागर यांचे लहान लहान कोष्ठकांत विभाजन केलेले असते. प्रत्येक कोष्ठकासाठी वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम समीकरणांच्या रूपाने मांडले जातात, आणि काही मिनिटांच्या अंतराने त्यांची उत्तरे पुनःपुन्हा काढली जातात. नॉर्मन फिलिप्स यांनी प्रिन्स्टन येथील गणकयंत्रावर केलेला असा पहिला यशस्वी प्रयोग १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यंत्राची मुख्य स्मृती अवघी ५ किलोबाइटच्या आसपास होती. तरीही स्थिर वातावरणापासून आरंभ करून त्यात पश्चिमी वारे व आवर्ते आपोआप उत्पन्न झाली. वारे कसे वाहावेत हे फिलिप्स यांनी यंत्राला सांगितले नव्हते. वाऱ्यांना जे नियम पाळावे लागतात तेवढेच सांगितले होते. पुढे १९६९ मध्ये स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी वातावरण व सागर यांना जोडणारे प्रतिमान सिद्ध केले. मानाबे यांना २०२१ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या दिशेने केलेल्या कार्याबद्दलच होय.

परंतु सर्वच गोष्टी मूळ नियमांवरून काढता येत नाहीत. एखादा मेघ हा कोष्ठकापेक्षा कितीतरी लहान असतो. त्यातील जलबिंदूंची घडण तर त्याहूनही सूक्ष्म. अशा प्रक्रियांचा एकत्रित परिणाम काही स्थूल सूत्रांनी दाखवावा लागतो, आणि त्या सूत्रांतील प्राचलांची मूल्ये बहुधा आजच्या निरीक्षणांशी ताडून ठरवली जातात. प्रतिमानाचे खरे दौर्बल्य येथे आहे. आजच्या जलवायुमानाशी मेळ बसावा म्हणून ज्याची जुळणी केली, ते आजच्या जलवायुमानाशी जुळते हा त्याच्या सत्यतेचा पुरावा होऊ शकत नाही. आजच्याहून पुष्कळ वेगळ्या अशा एखाद्या काळात ते चालवून पाहिले, तरच त्याची कसोटी लागते. भूतकाळाचे महत्त्व या ठिकाणी आहे.

२. हिमयुग : दिलेले आणि शोधावयाचे

हिमयुगाच्या प्रयोगात प्रतिमानाला तीन गोष्टी बाहेरून पुरवाव्या लागतात. पहिली, पृथ्वीच्या कक्षेची व अक्षाच्या कलाची तत्कालीन स्थिती. ती खगोलगणिताने निश्चित करता येते. दुसरी, हवेतील वायूंचे प्रमाण. अंटार्क्टिकातील बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून त्या काळी कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १९० भाग होते असे दिसते. औद्योगिक काळापूर्वी ते २८० होते, आणि २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते. तिसरी गोष्ट म्हणजे हिमस्तर. उत्तर अमेरिका व उत्तर युरोप यांच्यावर त्या काळी बर्फाचे प्रचंड थर पसरले होते आणि काही ठिकाणी त्यांची जाडी तीन किलोमीटरच्या घरात होती. हे सारे पाणी सागरातून उचललेले असल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर किंवा त्याहून थोडी अधिक खाली होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जेथे आज सुमारे ७५ मीटर खोल पाण्यातून खनिज तेल काढले जाते, ते ‘बॉम्बे हाय’चे क्षेत्र या हिशेबाने तेव्हा उघडी जमीन असले पाहिजे.

ही तीन माहिती दिल्यानंतर तापमान, वारे, पर्जन्य, सागरी प्रवाह हे प्रतिमानाने स्वतः काढावयाचे, आणि अवशेषांवरून मिळालेल्या चित्राशी त्याची तुलना करावयाची, अशी ही योजना आहे. मात्र तुलना करावयाची तर दुसऱ्या बाजूचे चित्रही आकड्यांत असले पाहिजे. ते काम १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लायमॅप’ या प्रकल्पाने केले. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचे तळाच्या गाळात साचतात. कोणत्या तापमानाच्या पाण्यात कोणत्या जाती किती प्रमाणात आढळतात हे आजच्या सागरावरून ठरवावयाचे, आणि जुन्या थरांतील जातींच्या प्रमाणावरून त्या काळचे तापमान काढावयाचे, ही त्यांची पद्धती. या प्रकल्पाने हिमयुगातील सागराचे नकाशे १९७६ मध्ये व अधिक विस्ताराने १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. कार्बन-मापनाने काढलेली त्यांची १८,००० वर्षे म्हणजे सौरवर्षांच्या हिशेबाने सुमारे २१,००० वर्षे होत.

नकाशांत उत्तर अटलांटिक सागर अत्यंत थंड दिसत होता, यात नवल नव्हते. नवल होते ते उष्ण कटिबंधाविषयी. तेथील सागराचे तापमान आजच्यापेक्षा क्वचितच २ अंशांहून अधिक कमी होते. इतकेच नव्हे, तर पॅसिफिकच्या काही भागांत ते आजच्यापेक्षा किंचित जास्तच होते, असे हे नकाशे सांगत होते.

३. विरोध आणि त्याचा निकाल

उष्ण कटिबंधातील पर्वतांवरचा पुरावा याच्या विरुद्ध होता. हवाई, कोलंबिया, पूर्व आफ्रिका व न्यू गिनी येथील हिमनद्यांच्या खुणा व परागकण यांवरून असे दिसत होते की, त्या काळी हिमरेषा सुमारे एक हजार मीटरने खाली उतरली होती आणि तेथील उंचावरचे तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी घटले होते. पायथ्याचा समुद्र जवळजवळ आजच्याइतकाच उष्ण आणि माथा मात्र इतका थंड, हे दोन्ही एकाच वेळी कसे संभवावे?

येथे प्रतिमानाने पंचाची भूमिका बजावली. डेव्हिड रिंड आणि डोरोथी पिटीट यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्लायमॅपची सागरी तापमाने प्रतिमानाला जशीच्या तशी पुरवली. परिणामी उष्ण कटिबंधातील पर्वत जितके थंड व्हावयास हवे होते तितके झाले नाहीत. त्यानंतर सागराचे तापमान सर्वत्र आणखी २ अंशांनी कमी करून प्रयोग पुन्हा करण्यात आला, तेव्हा भूमीवरील पुराव्याशी मेळ पुष्कळ सुधारला. प्रतिमानाने या ठिकाणी खरे तापमान सांगितले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. हे दोन पुरावे भौतिकीच्या ज्ञात नियमांप्रमाणे एकत्र नांदू शकत नाहीत, एवढेच त्याने सांगितले. एक तर सागरी नकाशा चुकला आहे, नाही तर पर्वतावरील खुणांचा अर्थ चुकला आहे, नाही तर हवेचे तापमान उंचीप्रमाणे कसे घटते याविषयीची प्रतिमानाची मांडणी सदोष आहे. वाद अशा रीतीने तीन शक्यतांत बांधला गेला.

पुढील दहा-पंधरा वर्षांत निकालाची सामग्री सर्वस्वी निराळ्या मार्गांनी आली. बार्बाडोस बेटाजवळील प्राचीन प्रवाळांतील स्ट्राँशियम व कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून तेथील सागर हिमयुगात सुमारे ५ अंशांनी थंड होता, असा निष्कर्ष १९९४ मध्ये निघाला. १९९५ मध्ये ईशान्य ब्राझीलमधील भूजलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाणी जमिनीत मुरताना त्यात क्रिप्टॉन, झेनॉन यांसारखे अक्रिय वायू किती विरघळतात हे त्या वेळच्या तापमानावर अवलंबून असते. हिमयुगात मुरलेल्या पाण्यातील वायूंवरून तापमानातील घट ५.४ अंश निघाली. उलट, फोरॅमिनिफेरांच्या कवचांतील मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून विषुववृत्तीय पॅसिफिक सुमारे २.८ अंशांनी थंड झाल्याचे २००० मध्ये दिसून आले. आणि सर्व उपलब्ध सागरी नोंदी एकत्र करणाऱ्या ‘मार्गो’ या प्रकल्पाने २००९ मध्ये उष्ण कटिबंधीय सागरासाठी सरासरी १.७ अंश घट सांगितली.

तात्पर्य, वादात पूर्ण विजय कोणाचाच झाला नाही. पॅसिफिकमधील ‘अधिक उष्ण’ पट्टे बहुतांशी टिकले नाहीत. प्रवाळांनी सुचवलेली ५ अंशांची घट सर्व सागराला लागू पडत नाही, हेही स्पष्ट झाले. क्लायमॅपच्या पद्धतीतील मर्मही उमगले : अतिउष्ण पाण्यात जातींचे परस्परप्रमाण तापमानाप्रमाणे फारसे बदलत नाही, त्यामुळे ज्या प्रदेशाविषयी वाद होता तेथेच हे मापनसाधन बोथट होते. पुरावा म्हणून जे समोर येते, त्यातही एक लहानसे प्रतिमान दडलेले असते. कवच स्वतः तापमान सांगत नाही. कवचावरून तापमान काढणारे सूत्र ते सांगते.

तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ च्या आपल्या प्रबंधात मूळ इंडो-युरोपीय भाषेच्या स्वरव्यवस्थेचा विचार करताना, त्या वेळी ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषेत प्रत्यक्ष न आढळणारे काही घटक केवळ व्यवस्थेच्या सुसंगतीसाठी गृहीत धरले. पुढे हित्ती भाषेचे लेख उलगडले, आणि १९२७ मध्ये येर्झी कुरिवोविच यांनी त्या भाषेतील एका व्यंजनाची सांगड या गृहीत घटकांशी घालून दाखवली. व्यवस्थेने मागितलेली गोष्ट पुराव्याने नंतर पुरवली, ती अशी. मात्र साम्य येथेच संपते. भाषेच्या पुनर्रचनेवरून शंभर वर्षांनंतरची मराठी कशी असेल हे कोणी सांगू पाहत नाही. जलवायुमानाचे प्रतिमान मात्र भूतकाळात तपासून भविष्यकाळात चालवले जाते.

४. मेळाची किंमत

प्रतिमान व पुरावा जुळले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. जुळण्याचे मोल ते कोणत्या परिस्थितीत जुळले यावर ठरते. याची दोन उदाहरणे परस्परविरुद्ध स्वरूपाची आहेत.

पहिले मॉन्सूनचे. ९,००० वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येई ती आजच्याप्रमाणे जानेवारीत नव्हे, तर उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात. त्यामुळे जुलै महिन्यात पृथ्वीला मिळणारी सौर ऊर्जा आजच्यापेक्षा सुमारे ७ टक्के अधिक होती. जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये एवढाच बदल करून एक साधे प्रतिमान चालवले, आणि आफ्रिका व आशिया येथील मॉन्सून अधिक बलवान झाल्याचे त्यात दिसले. राजस्थानातील सांभर, डिडवाणा व लूणकरणसर या सरोवरांच्या गाळातील परागकणांवरून तेथे एके काळी आजच्यापेक्षा अधिक पाऊस पडत असे, हे गुरदीप सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. प्रतिमानाला राजस्थानच्या परागकणांची काहीच माहिती नव्हती. त्याला केवळ पृथ्वीची कक्षा ठाऊक होती. म्हणून या मेळाला किंमत आहे. त्याच काळातील सहाराच्या बाबतीत मात्र प्रतिमाने अद्याप उणी पडतात. वाळवंटात तेव्हा सरोवरे व गवताळ प्रदेश होते. परंतु प्रतिमानांतील पाऊस उत्तरेकडे पुरेसा सरकत नाही. वनस्पती, मृदा व धूळ यांचा पावसावरील उलट परिणाम अपुरा दाखवला जात असल्याचे हे लक्षण मानले जाते. या अपयशाने प्रतिमानातील उणीव कोठे शोधावी ते सुचवले, म्हणून तेही उपयोगी ठरले.

दुसरे उदाहरण सागराचे. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या बर्फाचे गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये मिसळले की तेथील पाण्याचे तळाकडे बुडणे मंदावते आणि उत्तरेकडे जाणारा उष्णतेचा ओघ घटतो. झेंग्यू लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिमयुगाच्या परमोच्च काळापासून पुढची सहस्रके सलग चालवण्यात आली, आणि सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीची आकस्मिक तापमानवाढ त्यात उमटली. ही मोठीच कामगिरी होय. तथापि गोडे पाणी केव्हा व किती मिसळले याचे आकडे पुराव्यावरून स्वतंत्रपणे पुरेसे निश्चित होत नाहीत. ते बाहेरून ठरवून प्रतिमानाला द्यावे लागले, आणि ठरवताना अपेक्षित परिणामाकडे दृष्टी ठेवावी लागली. म्हणून ही यंत्रणा शक्य आहे, एवढे या प्रयोगाने सिद्ध होते. प्रत्यक्षात तसेच घडले, हे सिद्ध होत नाही. पढवून आणलेल्या साक्षीदाराची साक्ष खोटीच असते असे नाही. पण तिचे वजन कमी धरावे लागते.

हिमस्तरांच्या बाबतीत हा धोका व्यवहारातही जाणवला. रॉबर्ट डिकॉन्टो व डेव्हिड पोलार्ड यांच्या २०१६ च्या अभ्यासात, सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळातील उंच समुद्रपातळीचा उलगडा करण्यासाठी बर्फाचे उभे कडे आपल्याच भाराने कोसळतात अशी प्रक्रिया प्रतिमानात घालण्यात आली. तीच पुढे चालवली असता, वायूंचे उत्सर्जन भरमसाट राहिल्यास एकट्या अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत समुद्र एक मीटरहून अधिक चढू शकेल, असे उत्तर आले. २०१९ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी करणाऱ्या अभ्यासाने दाखवले की, पुराव्यातील अनिश्चितता लक्षात घेता ही प्रक्रिया न मानताही भूतकाळाचा मेळ बसू शकतो. प्रक्रिया खोटी ठरली नाही. भूतकाळाचा पुरावा तिच्या बाजूने निर्णायक नाही, एवढेच ठरले. किनाऱ्यावरील शहरांच्या नियोजनात या दोन विधानांतील फरक फार मोठा आहे.

५. कसोटीचे फलित

कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान अखेर किती अंशांनी वाढेल, या संख्येला जलवायुसंवेदनशीलता म्हणतात. १९७९ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञसमितीने ती १.५ ते ४.५ अंशांच्या दरम्यान सांगितली, आणि जवळजवळ चाळीस वर्षे ही मर्यादा फारशी आकसली नाही. हिमयुग हा या प्रश्नावरील एक स्वाभाविक प्रयोगच होय : २८० वरून १९० पर्यंतची घट म्हणजे, गणिताच्या दृष्टीने, एका दुपटीच्या निम्म्याहून थोडा अधिक उलटा बदल. हिमस्तरांनी परावर्तित केलेल्या सूर्यप्रकाशाचा हिशेब वेगळा काढला, तर तापमानातील घटीवरून संवेदनशीलतेचा अंदाज बांधता येतो. उष्ण कटिबंधातील सागर किती थंड झाला हा वाद इतक्या निकराने का लढला गेला, ते यावरून ध्यानात येईल.

या कसोटीचे सर्वांत बोलके फळ अलीकडे मिळाले. अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरण-संशोधन केंद्राच्या नव्या प्रतिमानात मेघांची मांडणी सुधारण्यात आली होती, आणि विसाव्या शतकातील तापमानाशी त्याचा मेळही चांगला होता. परंतु त्याची संवेदनशीलता ५ अंशांच्या वर गेली होती. ती खरी मानावी काय? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच प्रतिमान हिमयुगासाठी चालवण्यात आले, तेव्हा पृथ्वी ११ अंशांहून अधिक थंड झाली. कोणताही पुरावा एवढ्या थंडीला आधार देत नाही. दोष मेघांतील सूक्ष्म प्रक्रियांच्या सूत्रांत असल्याचे आढळले. ती सुधारल्यावर हिमयुग पुराव्याच्या जवळ आले आणि संवेदनशीलताही सुमारे ४ अंशांवर उतरली. आजच्या निरीक्षणांना जो दोष दिसला नाही, तो वीस हजार वर्षांपूर्वीच्या गाळाने व बर्फाने दाखवला. २०२१ च्या अहवालाने संवेदनशीलतेची संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश अशी संकुचित केली, तीत प्राचीन जलवायुमानाच्या साक्षीचाही वाटा आहे.

मात्र येथेही सावधगिरी हवी. जे हिमयुग प्रतिमानाच्या दुरुस्तीसाठी वापरले, तेच पुन्हा त्या प्रतिमानाची कसोटी म्हणून वापरता येणार नाही. दुरुस्त प्रतिमानाला आता दुसऱ्या एखाद्या काळात पारखले पाहिजे. शिवाय, विखुरलेल्या नोंदींमधील रिकाम्या जागा प्रतिमानाच्या साहाय्याने भरण्याची पद्धती आज रूढ होत आहे. अशा मिश्र चित्राशी प्रतिमानाची तुलना केल्यास ते काही अंशी स्वतःशीच सहमत होत असते. म्हणूनच या पद्धतीचे जाणते अभ्यासक काही नोंदी मुद्दाम बाजूला ठेवतात, आणि तयार झालेले चित्र त्या न वापरलेल्या नोंदींशी ताडून पाहतात.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यावरून असे देता येईल. पुरावा व प्रतिमान यांच्यात न्यायाधीश व आरोपी असे नाते नाही. दोघेही साक्षीदार आहेत, आणि दोघांचीही उलटतपासणी आवश्यक आहे. त्यांच्या एकमताचे मोल, ते एकमेकांना न विचारता त्या मतापर्यंत पोहोचले असतील, तेवढ्याच प्रमाणात असते. त्यांच्या मतभेदाचे मोल मात्र पुष्कळदा एकमतापेक्षा अधिक ठरले आहे. म्हणून प्राचीन जलवायुमानाविषयीचा कोणताही आकडा वाचताना, तो किती अंशांचा आहे याबरोबरच, तो कोणत्या साक्षींवरून निघाला आणि त्या साक्षी परस्परांपासून कितपत स्वतंत्र होत्या, हेही विचारण्याची सवय अभ्यासकाने लावून घेणे अगत्याचे आहे.